पंचगंगेच्या खोऱ्यातली रानं: पाणी आलं, पण जाणार कुठून?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, शिरोळात, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. या दोन टोकांच्या मध्ये कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीपर्यंत एक होतात, पुढे पंचगंगा म्हणून वाहतात आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळतात. पूर्वी कुठल्या पावसाच्या पट्ट्यात आलो हे रानातल्या पिकावरून कळायचं. वर डोंगराला नाचणी-वरी, खाचरात भात, मधल्या पट्ट्यात जोंधळा-भुईमूग आणि विहिरीच्या पाण्यापुरता ऊस, खाली काळ्या रानात शाळू, गहू, हरभरा. आज गगनबावडा रस्त्यानं निघून शिरोळला उतरलं तरी दोन्ही बाजूंना ऊसच दिसतो. पाऊस होता तसाच आहे, पिकानं मात्र त्याच्याकडे बघणं सोडलं.

हे कसं घडलं याचं एक सोपं उत्तर ठरलेलं आहे: शेतकऱ्याला ऊस सोपा वाटतो, पैसा दिसतो, म्हणून तो लावतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. या खोऱ्यात रानापर्यंत पाणी आणायची व्यवस्था शंभर वर्षं खपून चोख बसवली गेली. तेच पाणी रानातून बाहेर काढायची व्यवस्था मात्र कुणाच्याच गळ्यात पडली नाही. खाचरं मोडणं, पुराचं पाणी रेंगाळणं आणि काळ्या रानात मीठ फुटणं या वेगवेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या जातात. तिन्हींचं मूळ बघायला गेलं तर पाण्याच्या वाटेपाशीच पोहोचतं.

खात्री कुठून आली

जमिनीचा वापर बदलतो तो दोन गोष्टींची खात्री झाली की: पाण्याची आणि गिऱ्हाइकाची.

पाण्याची सुरुवात राजर्षी शाहू महाराजांनी केली. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालं, १९१८ मध्ये पैशाअभावी थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पुढे तुळशी, कुंभी, कासारीवरही धरणं आली. पण धरणातलं पाणी इथे बहुतेक ठिकाणी कालव्यानं रानात येत नाही. ते नदीतच सोडतात आणि नदीत ठिकठिकाणी अडवतात. तो अडवण्याचा प्रकार महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावानंच ओळखला जातो.

या बंधाऱ्यात नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, दोन खांबांमध्ये साधारण दोन मीटरचा गाळा असतो आणि खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. बर्ग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती भरायची, की गळती कमी होते. पावसाळ्याआधी बर्गे काढून घ्यायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. बर्गे घालायची घाई केली आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस जोरात आला तर पाणी मागे तुंबून काठच्या रानात शिरतं. काढायला उशीर झाला तर झाडं-झुडपं अडकून खांबांवर ताण येतो. ही दोन्ही कामं वेळेवर झाली तर नदी उन्हाळाभर पायऱ्यापायऱ्यांच्या तळ्यांसारखी भरलेली राहते, आणि काठावरच्या मोटारी चालू राहतात. पाणीपुरवठा संस्था काढायची, नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, वर माळाला पाइपलाइन, आणि सभासदानं एकरावर पाणीपट्टी भरायची. नदीपासून दोन-तीन किलोमीटरवरचं जिराईत रान असंच बागायत झालं.

गिऱ्हाइकाची खात्री आधी गुळानं दिली. शाहूपुरीची बाजारपेठ १८९५ मध्ये वसली आणि कोल्हापुरी गुळाची ढेप गुजरातपर्यंत जायला लागली. नंतर सहकारी साखर कारखाने आले आणि गुऱ्हाळं मागे पडली. गुऱ्हाळाला चुलवाणापासून गुळव्यापर्यंत पंधरा-वीस माणसं लागतात, दर रोज बदलतो आणि गूळ उतरला नाही तर तोटा मालकाचा. कारखान्याला ऊस घातला की हे सगळं डोक्यावरून जातं. केंद्रानं ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३,५५० रुपये होता. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढत होते. कोल्हापूरचा उतारा राज्यात वरच्या रांगेत असल्यानं त्याचा फायदा इथे जास्त. तोडणी-वाहतूक कापून घेऊन बाकीचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा नियम आहे. ते वेळेत मिळतात का यावर दर हंगामात आंदोलनं होतात, तरीही सोयाबीनच्या किंवा टोमॅटोच्या दरापेक्षा हा आकडा भरवशाचा.

यात आणखी तीन गाठी आहेत आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. एक, विकास सेवा संस्थेचं, म्हणजे गावच्या सहकारी कर्जसंस्थेचं, पीककर्ज उसावर सहज मिळतं, कारण वसुली थेट उसाच्या बिलातून होते. दोन, एकर-दीड एकराचा तुकडा असणाऱ्या घरातला माणूस बहुधा शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीनं कामाला जातो. त्याला आठवड्याला एक पाणी आणि वर्षातून चार-पाच मोठी कामं एवढंच झेपतं. भाजीपाला त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. तीन, उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. तोडीच्या चार-पाच महिन्यांत गोठ्यातल्या म्हशींना वाढ्याचाच आधार असतो, आणि दुधाच्या दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलावर घरखर्च भागतो. पीकबदलाचा सल्ला देणाऱ्यानं आधी या तिन्हींचं उत्तर खिशात ठेवावं. नुसतं ‘डाळिंब लावा’ म्हणून चालत नाही.

वरच्या अंगाला: खाचर मोडून सरी

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा या भागात जांभ्याची तांबडी माती, आम्ल धर्माची, आणि उतार. इथली भाताची खाचरं म्हणजे उतारावर बांध घालून केलेले सपाट टप्पे. प्रत्येक बांधाला पाणी पुढच्या खाचरात सोडायला दगडानं बांधलेली सांडव्याची जागा. एका एकराच्या खाचरात चार इंच पाणी उभं राहिलं तर ते चार लाख लिटर होतं. ते हळूहळू खाली उतरतं, काही मुरतं आणि काही दिवसांनी नदीला लागतं.

ऊस लावताना दोन-तीन खाचरं मिळवून एक लांब पट्टा करतात, म्हणजे ट्रॅक्टर फिरतो. मधला बांध जातो, सांडवा जातो. सरी उताराला आडवी पाडली तर फारसं बिघडत नाही. पण पाणी लवकर टोकाला पोचावं म्हणून सरी उताराच्या दिशेनं सोडली, की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक सरी ओघळ होते. माती जाते, खत जातं, आणि जे पाणी खाचरात थांबायचं ते तासाभरात ओढ्यात. महापूर एवढ्यानंच येतो असं म्हणता येणार नाही. माती आधीच भिजून गच्च झाली असेल आणि तीन-चार दिवस कोसळत असेल, तर खाचरंही भरून वाहतात. फरक पडतो तो पहिल्या पावसात आणि मध्यम पावसात, जेव्हा थांबलेलं पाणी विहिरीला आणि झऱ्याला लागत असतं.

ज्यांना इथे ऊस लावायचाच आहे त्यांनी बांध मोडू नयेत, सरी समपातळीत पाडावी, दर बांधाला दगडी सांडवा ठेवावा आणि चुना टाकायचा तो माती तपासूनच टाकावा. गव्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. दाजीपूरच्या बाजूला उसानं गव्यांना बारमाही चारा आणि दाट आडोसा दिला आहे, आणि त्यावर कुंपणाशिवाय दुसरा उपाय अजून कुणी दाखवलेला नाही.

मधला पट्टा: पूर सोसणारं पीक

नदीकाठच्या गाळाच्या रानात ऊस का, याचं एक कारण शेतीच्या चर्चेत फार क्वचित येतं. सोयाबीन किंवा भुईमूग दोन-चार दिवस पाण्याखाली राहिला की गेला. उसाचा शेंडा पाण्याच्या वर राहिला तर तो आठ-दहा दिवसही काढतो, कांड्यांना हवेतली मुळं फुटतात आणि पाणी ओसरल्यावर सावरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. अशा पट्ट्यात खरिपाला दुसरं काय टिकणार?

म्हणून इथे पिकापेक्षा लावणीचा महिना जास्त महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टची आडसाली लावण पुराच्या तोंडावर कोवळी असते, ती बुडते आणि कुजते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लावण पुढच्या ऑगस्टपर्यंत नऊ-दहा महिन्यांची होते, शेंडा उंच राहतो. जानेवारीतली सुरू लावण यांच्या मध्ये, नशिबावर. पूरपट्ट्यात आडसाली लावायचा मोह टनेजमुळे होतो, कारण सोळा-अठरा महिन्यांचा ऊस भरतो. पण कोवळी लावण एकदा बुडाली की बियाणं, नांगरट आणि हंगाम असं सगळंच पुन्हा करावं लागतं.

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ गेला की आतला कोंब कुजतो. शेंडा ओढला तर सहज हातात येतो आणि कुबट वास मारतो. मग कांडीवरचे डोळे फुटतात, त्यांना पांगशा म्हणतात, आणि उसातली साखर त्या फुटव्यांच्या वाढीत खर्ची पडते. निम्म्याहून जास्त ऊस असा झाला असेल तर तो हंगामाच्या सुरुवातीलाच तोडायला मिळावा यासाठी कारखान्याच्या शेती ऑफिसात तगादा लावावा. दोन महिने थांबलं तर वजनही जातं आणि उताराही. शेंडा जिवंत असेल तर आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर घालवायचं, वाफसा येईपर्यंत रानात पाय ठेवायचा नाही, मग नत्र-पालाशचा हलका हप्ता. ओल्या गाळात ट्रॅक्टर घातला तर खाली घट्ट थर बसतो आणि पुढची दोन वर्षं निचरा होत नाही.

याच पट्ट्यातली माती विटांनाही चांगली. एका एकरातून एक फूट माती काढली तर सुमारे १,२३० घनमीटर माल निघतो, त्यामुळे भट्टीवाल्याचा भाव एकरकमी आणि मोठा दिसतो. जाते ती सगळ्यात सुपीक माती. शिवाय रान शेजाऱ्यापेक्षा फूटभर खाली बसल्यानं पहिलं पाणी त्यातच येऊन थांबतं. मग त्या खोलगट तुकड्यात पुन्हा ऊसच लावावा लागतो, दुसरं काही येत नाही.

खालच्या अंगाला मीठ का फुटतं

शिरोळ आणि हातकणंगल्याच्या काळ्या रानाची गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, आणि ती गणितानं समजून घेतलेली बरी.

कुठलंही पाणी पूर्ण गोडं नसतं. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युत वाहकता जास्त. ती ०.५ डेसिसायमन प्रति मीटर असेल, तर ते पिकाला चांगलं पाणी समजतात. तरी त्यात लिटरला सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षभरात पाऊस वजा जाता १,५०० मिलिमीटर पाणी दिलं असं धरू. एकराला ते ६० लाख लिटर होतं. म्हणजे एका वर्षात एका एकरात १,९०० किलोच्या वर मीठ येऊन पडलं. ऊस पाणी पितो, मीठ मागे ठेवतो. वरून रासायनिक खताचेही क्षार असतातच. हे मीठ धुऊन खाली आणि पुढे बाहेर गेलं तर काही बिघडत नाही. गगनबावड्यात ते पाऊसच करतो. शिरोळात पाऊस कमी, मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त, पाणी मुरतं ते सावकाश आणि उतार जवळजवळ नाहीच.

दुसरी अडचण खालून येते. पाटपाणी मोकळं सोडल्यानं भूजलाची पातळी वर्षाला थोडी थोडी वर चढते. पूर्वी उन्हाळ्यात नदी खाली जायची आणि काठच्या रानातलं पाणी तिच्याकडे ओढलं जायचं. बंधाऱ्यांमुळे नदी भरलेली राहिली, तर ते ओढणंही कमी होतं. भूजल चार-पाच फुटांच्या आत आलं, की दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, पृष्ठभागावर वाळतं आणि मीठ तिथेच टाकतं. म्हणून पहिला पांढरा थर सरीच्या तळाला दिसत नाही, वरंब्याच्या माथ्यावर दिसतो.

आता यातली सगळ्यात उलटी गोष्ट. पिकं मीठ किती सोसतात याची मोजमापं आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता त्याच एककात कापसाला ७.७ पर्यंत चालते, गव्हाला ६, सोयाबीनला ५, भुईमुगाला ३.२. उसाचं उत्पादन १.७ पासूनच घटायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे ६ टक्के घटतं. वाहकता ४ झाली तर १३-१४ टक्के, ८ झाली तर एक तृतीयांशाहून जास्त. ज्या पिकाला सगळ्यात जास्त पाणी देऊन रान खारवलं, तेच पीक मीठ सोसण्यात सगळ्यात कच्चं. घट हळूहळू होत असल्यानं पहिली काही वर्षं ती खताच्या कमतरतेच्या नावावर खपते, आणि शेतकरी आणखी खत टाकतो.

क्षारपड म्हणून सरसकट एक उपाय करणं ही दुसरी नेहमीची चूक. जमिनीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. खारवट जमिनीत वाहकता ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या खाली, माती भुसभुशीत, वर पांढरा थर. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर. तिथे ओल्या मातीवर पाय घसरतो, पाणी दिवसचे दिवस उभं राहतं, वाळली की दगड होते आणि भेगा पडतात. तिसरा प्रकार दोन्हींचा मेळ. खारवट जमिनीला जिप्सम टाकून पैसे वाया जातात, कारण तिथे धुऊन काढायचं काम आहे. चोपण जमीन जिप्समशिवाय नुसती धुतली तर आणखी बिघडते: बाकीचे क्षार निघून जातात, सोडियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, कण सुटे होतात आणि पोकळ्या बुजतात.

म्हणून तपासणी आधी. वरच्या मातीचा एकच नमुना पुरत नाही. पाणी दिल्यावर आठवड्याच्या आत नको, आणि वरंब्याच्या माथ्यावरचा पांढरा थरही त्यात मिसळायचा नाही. खड्डा घेऊन ०-१, १-२ आणि २-३ फूट असे तीन नमुने वेगळे भरावेत. चांगल्या आणि खराब जागेचे संच वेगळे. पत्र्याची घमेली, खताच्या पिशव्या टाळाव्यात. भूजल मोजायला दोन इंची प्लास्टिकचा सात फुटांचा पाइप घ्यायचा, खालच्या तीन फुटांना भोकं पाडून जाळी गुंडाळायची, हातानं चालवायच्या बरम्यानं भोक पाडून तो उभा गाडायचा आणि तोंडाला टोपण. आठवड्यातून एकदा दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. चार-पाच फुटांच्या आत पाणी महिनोनमहिने राहत असेल, तर वर काहीही टाकून उपयोग नाही. आधी निचरा.

निचरा कसा करतात आणि कुठे फसतो

जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढायची पद्धत शिरोळ तालुक्यात चांगली रुजली आहे. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं शेतकऱ्यांचे गट करून हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. गट करण्याचं कारण साधं आहे. तुमच्या रानातलं पाणी बाहेर काढायला खालच्या सहा जणांच्या रानातून वाट लागते.

काम नेहमी शेवटाकडून सुरू करायचं. आधी पाणी कुठे सोडायचं ते बघा: ओढा किंवा मोठा उघडा चर. त्याचा तळ तुमच्या पाइपपेक्षा खाली आहे ना, पावसाळ्यात त्यात पाणी किती चढतं, गाळानं आणि पाणकणसानं तो बुजला आहे का. ओढाच साफ नसेल तर पाइपवर एक रुपयाही घालू नये. मग डंपी लेव्हलनं, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीनं, पातळ्या घ्यायच्या. डोळ्यानं उतार ठरवायचा नाही.

उपनळ्या साधारण ८० मिलिमीटरच्या, नालीदार, भोकांच्या आणि वर कृत्रिम कापडाची गाळणी गुंडाळलेल्या असतात. खोली चार ते साडेचार फूट. दोन नळ्यांमधलं अंतर मातीवर ठरतं. अंतर ३० मीटर असेल तर एकराला सुमारे १३५ मीटर पाइप लागतो, २० मीटर असेल तर २०० मीटर. काळ्या गच्च मातीत अंतर कमी ठेवायला लागतं, आणि खर्च वाचवायला ते वाढवलं तर दोन नळ्यांच्या मधला पट्टा तसाच खारा राहतो. उतार १०० मीटरला १० ते २० सेंटिमीटर. उपनळ्या मोठ्या मुख्य नळीला मिळतात, जोडाच्या ठिकाणी तपासणीचं चेंबर आणि शेवटी मुख्य नळीचं तोंड चराच्या पाण्याच्या वर.

फसतं ते पुढच्या ठिकाणी. चिखल झालेल्या चरात पाइप टाकला तर गाळणी पहिल्याच दिवशी लिंपते, म्हणून काम मार्च ते मे मध्ये. पाइपला मध्येच पोट आलं तर तिथे गाळ बसतो. पाइपच्या रेषेवर वेडी बाभूळ असली तर मुळं आत शिरतात. तोंडाला जाळी नसली तर उंदीर आणि खेकडे. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो चराकडे दोन वर्षं कुणी न बघितल्यानं: तोंड गाळात गेलं की सगळी यंत्रणा आहे तिथे थांबते, आणि ‘पाइप टाकून काही झालं नाही’ अशी गावभर बोंब होते.

पाइप टाकला म्हणजे रान सुधारलं असं नाही, आता कुठे मिठाला वाट मिळाली. फूटभर जाडीच्या मातीतलं साधारण ८० टक्के मीठ धुवायला फूटभर पाणी तिच्यातून आरपार जावं लागतं. वर साचून वाहून गेलेलं पाणी यात धरायचं नाही. म्हणून रान सपाट करून, वाफे बांधून, पावसाचं पाणी वाफ्यातच मुरू द्यायचं. चोपण असेल तर मे महिन्यात जिप्सम, तपासणीत निघालेल्या गरजेप्रमाणे, दोन वर्षांत विभागून, वरच्या सहा-आठ इंचांत मिसळून. खोल नांगरून पुरलं तर ते कामाचं राहत नाही. जमीन चुनखडीची असेल तर गंधक किंवा कारखान्याची मळीही चालते. मग एकरी २०-२५ किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून दीड महिन्यानं फुलोऱ्याआधी गाडायचा. पहिल्या वर्षी गहू किंवा शुगरबीट, आणि उसावर परत यायचंच असेल तर पाडेगावच्या संशोधन केंद्राचा कोएम ०२६५ हा क्षार जरा जास्त सोसणारा वाण. पाणी ठिबकनं द्यावं, त्यात ४० टक्क्यांपर्यंत बचत होते. फक्त एक ध्यानात ठेवावं: ठिबकनं मीठ संपत नाही, ओल्या गोळ्याच्या कडेला साचतं. पावसाळ्यात ते धुऊन जायला निचरा हवाच.

खर्च झेपत नसेल तर मोल नांगर हा स्वस्त पर्याय आहे. ट्रॅक्टरमागच्या फाळाला लोखंडी गोळा असतो, तो दोन फुटांवर पोकळ बोगदा पाडत जातो, चार-पाच मीटरच्या अंतरानं. चिकणमाती ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर बोगदा तीन-चार वर्षं टिकतो. चोपण रानात मात्र भिंती पहिल्या पाण्यातच विरघळून ढासळतात.

भराव आणि शेजाऱ्याचं पाणी

शहराच्या कडेला रानाचा शेवटचा बदल होतो तो प्लॉटमध्ये. नदीच्या पूररेषा दोन आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. पण भराव आधी पडतो, कागद नंतर फिरतात. एका एकरावर चार फूट भराव टाकला तर सुमारे ४९ लाख लिटर पाण्याची जागा जाते. तेवढं पाणी शेजारच्या उसात जातं. त्यात पाणी जायची रस्त्याखालची मोरीही बुजली, तर पूर ओसरला तरी ते रान आठवडाभर भिजत राहतं.

शेजाऱ्यानं बांध, भराव किंवा भिंत घालून नैसर्गिक प्रवाह अडवला आणि त्यानं तुमच्या शेताचं नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. त्यांना अडथळा काढून टाकायचे अधिकार आहेत. मुदत अडथळा आल्यापासून सहा महिन्यांची. सोबत सातबारा, गटाचा नकाशा, पाणी पूर्वी कुठून कुठे जायचं याची कच्ची आकृती आणि दोन्ही गटधारकांची नावं लावावीत. फोटो पाणी उभं असतानाच, तारखेसह आणि मागे एखादी ओळखीची खूण येईल असे काढावेत. उन्हाळ्यात गेलेल्या पंचांना कोरडं रान दिसतं आणि पंचनाम्यात अडथळा म्हणून काहीच लिहिलं जात नाही. त्यामुळे जूनमध्ये पडलेल्या भरावाचा दावा दिवाळीनंतरवर ढकलू नये. पंचनामा पावसाळ्यात पडेल अशा बेतानं जुलैतच अर्ज द्यावा.